एक्केचाळीस पेंढ्या

थळकऱ्याचं घर गावाच्या मधोमध नाही.
ते खाली आहे, जांबोटीकडून येणारी पायवाट
ओढा ओलांडून जिथं दम खाते, तिथं.
जो येईल तो आधी त्याच्या दारात.
दार म्हणजे नुसती चौकट.
फळी लावायची नाही असा कायदा,
कुणी लिहिलेला नाही, खरं अस्वलालाही माहीत असावा:
एकदा उंबरा हुंगून गेलं, आत आलं नाही.

माझा बाप निवडून आला तेव्हा मी आठ वर्षांची.
मूठ झाकून मडक्यात हात घालायचा.
हिरडा म्हणजे हो, बेहडा म्हणजे नको.
सुपात ओतलं : तेवीस हिरडे, अठरा बेहडे.
कुणाचं काय, ते विचारायचं नाही.
आईनं वरच्या घरातली चूल विझवली,
राख टोपलीत भरली, म्हणाली,
"तीन वर्षं. भांडी तेवढी मोजून घे गं."

छप्पर दर वैशाखात नवं.
एका घराची एक पेंढी, करडाच्या गवताची,
ज्याची त्यानं आणायची, आपल्या जागी आपण बांधायची.
वरून बघाल तर सगळं सारखंच पिवळं.

आमच्याकडे पाऊस येत नाही, राहायला असतो.
आषाढ अर्धा सरला की छप्पर बोलू लागतं.
बाप उताणा पडून अंधारात मोजायचा :
"ती रवळूची.
ती सोयरूची.
आणि ही, थांब,
ही माझ्या सख्ख्या भावाची."
आई उठून एकेका थेंबाखाली
एकेक भांडं सरकवायची.
मोजून आणलेली भांडी पुरली नाहीत.

सकाळी इरलं घेऊन तो चढ चढायचा,
रवळूच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा.
छपराचं नाव काढायचं नाही. बसायचं.
रवळू गाय सोडायचा, पान जुळवायचा,
गाय परत यायची तरी हा बसलेलाच.
मग कधीतरी निघायचंच :
शेंदऱ्याच्या झाडाखालची वाट, मेलेली कोंबडी,
बारशाला न धाडलेला सांगावा.
संध्याकाळी रवळू शिडी घेऊन खाली यायचा,
काही न बोलता वर चढायचा.

मंगोची पेंढी मात्र तिन्ही वर्षं गळली.
का, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
आईनं तिथं, घरातच, अळू लावलं.

एकदा खानापुरातून खानेसुमारीचे मास्तर आले,
हुद्दार म्हणून, कागद कन्नडात, बूट चिखलात.
"घर स्वतःचं की भाड्याचं?"
बाप म्हणाला, "उसनं."
"तसा रकाना नाही."
"मग गळतं म्हणून लिवा."
मास्तर हसले. एक थेंब
त्यांच्या कागदावर पडला, शाई पसरली.
त्यांनी वर बघितलं. बापानं हळूच सांगितलं, कोणाची ते.

चौथ्या वर्षी बेहडे जास्त निघाले.
थळकरीण झाली येसू, रवळूची भावजय,
जिच्यासमोर बाप दोनदा भांडणात हरला होता.
आम्ही भांडी मोजली, चूल पुन्हा वर पेटवली.
आमचं घर कौलारू, पक्कं, फळीचं दार कडीचं.
त्यात एक थेंब येत नव्हता.
बाप कूस बदलायचा, कूस बदलायचा.
"काही ऐकूच येत नाही," म्हणाला एका रात्री,
बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं.

वैशाखात तो आमची पेंढी घेऊन गेला,
एकटाच, मला शिडी धरू दिली नाही.

श्रावण लागला होता. भर दुपारी कडी वाजली.
येसू. केस चिंब, इरलं काखेत,
तळवे चढाच्या चिखलानं तांबडे.
काही बोलली नाही.
उंबऱ्यावर बसली, पदर पिळला.

बापानं पानाची चंची तिच्याकडे सरकवली.
मी आईकडे बघितलं. आईनं चहाचं आधण ठेवलं,
दोघांचं नाही, दिवसभराचं.